ब्रेकचे पेडल खाली किंवा मऊ लागत असेल, तर दोष कसा शोधावा

आपली विचारणा थोडक्यात अशी आहे. गाडी सात वर्षे वापरलेली छोटी हॅचबॅक आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पुढचे ब्रेक पॅड नुकतेच बदलले, ब्रेक ऑइल नवीन भरले आणि नळ्यांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, दोनदा काढून झाली. तरीही पहिल्यांदा पाय दिल्यावर पेडल अर्ध्याहून अधिक खाली जाते. लगेच दुसऱ्यांदा दाबले की ते वर येते, घट्ट लागते आणि दाबून धरले तर तिथेच टिकते. काही वेळाने पहिले पाढे पंचावन्न. गॅरेजवाल्यांचे म्हणणे आहे की मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) गेला, नवीन टाकावा लागेल. तो टाकावा का, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते इतक्यात टाकू नये. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला पहिला संशय मागच्या ड्रममध्ये शू (ड्रमला आतून टेकून ब्रेक लावणारे अर्धगोल भाग) आणि ड्रम यांच्यात वाढलेल्या फटीचा येतो. ही फट आहे की नाही हे पाहण्यासाठी हँडब्रेकच्या दांडीखेरीज काहीही लागत नाही, आणि ती चाचणी पुढे दिली आहे. मास्टर सिलिंडर बदलणे हा आपल्याकडे सरसकट पहिला उपाय होऊन बसला आहे, कारण तो भाग बॉनेट उघडल्याबरोबर हाताशी असतो. मागचे ड्रम काढायचे तर चाके उतरवावी लागतात आणि बऱ्याचदा गंजलेल्या ड्रमशी झटापट करावी लागते. पण सोपे काम आधी करणे म्हणजे दोष शोधणे होत नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत अंदाजाने भाग बदलत जाण्यात पैशापेक्षा मोठा धोका आहे. नवा भाग बसला की माणूस निर्धास्त होतो आणि मूळ दोष मात्र जिथल्या तिथे राहतो.

तक्रार सांगताना ‘ब्रेक लूज झाला’ किंवा ‘ब्रेक खाली लागतो’ एवढेच म्हटले जाते, पण पायाला जाणवणाऱ्या गोष्टी एकमेकींपासून अगदी वेगळ्या असतात. पेडल बरेच खाली जाते, पण जिथे थांबते तिथे घट्ट थांबते, हा एक प्रकार झाला. पेडल दाबत जावे तसे रबरासारखे दबत जाते आणि नक्की कुठे थांबले ते कळतच नाही, हा दुसरा. तिसऱ्या प्रकारात पेडल नेहमीच्या उंचीवर थांबते, पण पाय ठेवून धरला की हळूहळू बुडत जमिनीकडे जाते. चौथ्यात सकाळी सारे काही ठीक असते आणि घाट उतरल्यावर पेडल मऊ पडते. चारही प्रकारांची कारणे निरनिराळी आहेत. म्हणून पाना हातात घेण्याआधी आपल्या गाडीचे पेडल यांपैकी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवणे हे निम्मे काम आहे.

ते ठरवताना इंजिन बंद ठेवावे. इंजिन चालू असताना व्हॅक्यूम बूस्टर पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवतो, त्यामुळे निर्दोष पेडलसुद्धा मऊ वाटते आणि सदोष पेडलचा दोष नीट ओळखू येत नाही. इंजिन बंद करून पाच-सहा वेळा ब्रेक दाबावा, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पायाखाली फक्त पेडल, मास्टर सिलिंडर, नळ्या आणि चाकांवरचे ब्रेक एवढेच उरते. मग अर्धा मिनिट थांबून एकदाच, सावकाश दाबावे आणि पेडल कुठे थांबले ते पाहावे. त्यानंतर लगोलग दोन-तीन वेळा दाबून पाहावे. शेवटी पाय तसाच ठेवून इंजिन चालू करावे. त्या क्षणी पेडल थोडेसे खाली सरकते. तो बूस्टर काम करू लागल्याचा पुरावा आहे, दोष नाही. बूस्टर निकामी झाला तर पेडल दगडासारखे कडक होते, मऊ होत नाही. त्यामुळे मऊ पेडलच्या तक्रारीवर कोणी बूस्टर बदलायला सांगत असेल, तर ‘कशावरून?’ असे जरूर विचारावे. याला अपवाद एकच: बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या दांडीची लांबी चुकीची बसवली असेल, तर पेडलची सुरुवातीची चाल फुकट जाते. पण ही शक्यता बूस्टर किंवा मास्टर सिलिंडर नुकताच काढून बसवला असेल तरच विचारात घ्यावी.

आता आपल्या गाडीकडे येऊ. पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्या दाबाला वर, याचा अर्थ काय? पेडल झटकन सोडले की मास्टर सिलिंडरचा पिस्टन स्प्रिंगच्या जोरावर लगेच मागे येतो, पण चाकांकडे गेलेले ऑइल बारीक नळीतून तितक्या वेगाने परतू शकत नाही. ती पोकळी भरण्यासाठी ब्रेक ऑइलच्या टाकीतले ऑइल पिस्टनकडच्या वाटेने पुढे येते. शू किंवा पॅड पूर्ण मागे सरकण्याआधीच दुसरा दाब बसला, तर जास्तीचे ऑइल आधीच पुढे गेलेले असते आणि शूला कमी अंतर कापावे लागते. साहजिकच पेडल वर लागते. म्हणजे पेडल पंप केल्यावर वर येणे एवढ्यावरून फक्त इतकेच कळते की पहिल्या दाबातली बरीचशी चाल कुठेतरी खर्च होते आहे. ती हवा दाबण्यात खर्च होते की फट भरण्यात, हे दुसऱ्या दाबानंतर पेडल कसे लागते त्यावरून ठरते. हवा असेल तर पेडल वर येऊनही लवचिकच राहते. फट असेल तर वर आलेले पेडल घट्ट लागते. आपण ‘घट्ट लागते आणि टिकते’ असे लिहिले आहे, आणि माझा सगळा तर्क या एका वाक्यावर उभा आहे. मास्टर सिलिंडरचे रबर कप (पिस्टनवरची सील) आतून ऑइल मागे सोडत असते, तर दुसऱ्या दाबानंतरही पेडल टिकले नसते, हळूहळू खाली गेले असते.

थोडे गणित मांडले तर हे अधिक स्पष्ट होईल. मास्टर सिलिंडरचा व्यास २०.६ मिमी धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३३३ चौरस मिमी होते. पेडलच्या तरफेचे गुणोत्तर ४ धरू, म्हणजे पिस्टन १ मिमी पुढे जायला पाय ४ मिमी खाली जावा लागतो. मागच्या व्हील सिलिंडरचा (ड्रममध्ये शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचा) व्यास १७.५ मिमी असेल, तर त्याच्या एका पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २४० चौरस मिमी भरते. मागच्या प्रत्येक शूला पिस्टनपाशी नेहमीपेक्षा फक्त १ मिमी जास्त सरकावे लागत असेल, तर दोन चाकांच्या चार पिस्टनांना मिळून सुमारे ९६० घन मिमी जास्त ऑइल लागते. ते पुरवायला मास्टरचा पिस्टन जवळजवळ २.९ मिमी आणि पेडल सुमारे १२ मिमी जास्त खाली जाते. आता हवेचे पाहा. नळीत साध्या दाबाची १ मिलि हवा अडकली असेल, तर ब्रेकमध्ये वातावरणाच्या दहापट दाब होईपर्यंत ती दबून ०.१ मिलि उरते. ९०० घन मिमी जागा रिकामी होते आणि पेडल सुमारे ११ मिमी खाली जाते. म्हणजे चार शूंची एकेक मिलिमीटर फट आणि एक मिलिलिटर हवा ही दोन्ही कारणे पेडलची जवळपास सारखीच चाल खातात. खोली सारखी, कारण वेगळे. म्हणून पेडल ‘किती खाली गेले’ यापेक्षा ‘थांबल्यावर कसे लागले’ हे विचारणे जास्त महत्त्वाचे आहे. आपल्या गाडीचे आकडे थोडे निराळे असतील, पण प्रमाण साधारण असेच राहील.

हँडब्रेकची चाचणी अशी करावी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट (चाक गडगडू नये म्हणून लावायचा अडसर) लावावी, इंजिन बंद ठेवावे आणि वर सांगितल्याप्रमाणे बूस्टर रिकामा करावा. हँडब्रेक पूर्ण सोडून पेडल एकदा दाबून त्याची उंची लक्षात ठेवावी. मग हँडब्रेक चांगला ओढावा, अर्धा मिनिट थांबावे आणि पेडल पुन्हा एकदाच दाबावे. हँडब्रेकची केबल मागचे शू ड्रमपर्यंत ढकलते, त्यामुळे पेडलला ती फट भरावी लागत नाही. या वेळी पेडल पहिल्याच दाबाला स्पष्टपणे वर लागले, तर दोष मागच्या फटीत आहे असे समजावे. काहीच फरक पडला नाही, तर मागचे ड्रम तूर्त बाजूला ठेवून पुढे जावे. ही चाचणी अर्थातच ज्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या याच शूंवर चालतो त्यांच्यासाठी आहे; आपली गाडी त्यांतलीच आहे.

चाचणीत फरक दिसला, तर दोन्ही ड्रम उघडावे लागतील. हँडब्रेक सोडलेला हवा, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावी आणि गाडी जॅकवर न ठेवता घोड्यांवर (आधाराच्या लोखंडी स्टँडवर) ठेवावी. ड्रम निघाल्यावर आतली धूळ हवेने फुंकून उडवू नये, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी; ती धूळ फुफ्फुसांत जाऊ देण्यासारखी नसते. मग अ‍ॅडजस्टर पाहावा. लायनर (शूवरचा झिजणारा थर) झिजतील तशी दोन शूंमधली दांडी आपोआप लांब होऊन फट कायम राखणे हे त्याचे काम. काही गाड्यांत त्यावर दातेरी चाक आणि आटे असतात, काहींत दातेरी पट्टी आणि खटका. सात वर्षांच्या गाडीत हे आटे किंवा ही पट्टी गंजाने आणि धुळीने जाम झालेली असणे अगदी नेहमीचे आहे. दातेरी चाक बोटांनी फिरले पाहिजे. फिरत नसेल तर अ‍ॅडजस्टर काढून आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी थोडे लावावे, आणि दात बोथट झाले असतील तर तो बदलावा. आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहावी. दातेरी चाकाच्या रचनेत डाव्या आणि उजव्या चाकाच्या अ‍ॅडजस्टरचे आटे बहुधा एकमेकांच्या उलट दिशेचे असतात. मागे कधी शू बदलताना दोन्ही बाजूंचे भाग एकाच पत्र्यावर काढून ठेवले गेले आणि अदलाबदल होऊन बसले, तर प्रत्येक वेळी खटका चाक फिरवतो खरा, पण दांडी लांब होण्याऐवजी आखूड होते. असे पेडल जुळणीनंतर काही दिवस उत्तम लागते आणि मग दर आठवड्याला थोडे थोडे खाली जात राहते.

हँडब्रेकच्या केबलचाही इथे संबंध आहे, आणि या बाबतीत होणाऱ्या चुकीमुळे मी पुष्कळ गाड्या बिघडलेल्या पाहिल्या आहेत. शू झिजले की हँडब्रेकची दांडी वर येते, आणि मालकाची तक्रार आली की केबल ताणून ती खाली आणली जाते. केबल अशी ताणली की शूवरचा हँडब्रेकचा लिव्हर आपल्या टेकणीवर परत येत नाही, किंचित ओढलेलाच राहतो. अ‍ॅडजस्टरला मग फट भरून निघाली आहे असेच वाटते आणि तो काम करणे थांबवतो. म्हणून क्रम नेहमी असा ठेवावा: केबल आधी पूर्ण सैल करावी, शूची फट अ‍ॅडजस्टरने भरावी, ड्रम चढवून चाक हाताने फिरवताना अगदी हलके घासल्याचा आवाज आला की थांबावे, ब्रेक काही वेळा दाबून शू मध्यावर बसू द्यावेत आणि केबल सर्वांत शेवटी, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या खटक्यांच्या संख्येइतकीच ताणावी. ड्रमवर त्याचा कमाल आतील व्यास कोरलेला असतो, तोही मोजून घ्यावा. ड्रम त्यापेक्षा जास्त झिजला असेल, तर नवे शू टाकूनही फट नीट बसत नाही.

ड्रम उघडलेच आहेत, तर व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी बारीक स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचलून पाहावी. आत किंचित ओलसरपणा दिसला तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. पण टोपी उचलताच ऑइल ओघळले, किंवा ब्रेक प्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या) खालच्या कडेला काळपट, चिकट ओघळ दिसला, तर तो सिलिंडर बदलायचा. ऑइलने भिजलेले लायनर कितीही धुतले तरी पुन्हा भरवशाचे होत नाहीत. ते बदलावेत, आणि दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला खेचते.

हँडब्रेकच्या चाचणीत फरक पडला नाही, तर पुढच्या चाकांकडे लक्ष द्यावे. आपले पॅड नुकतेच बदलले आहेत, त्यामुळे तीन गोष्टी तपासाव्यात. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना हाताने मोकळ्या सरकल्या पाहिजेत. एक पिन जाम असेल तर पॅड तिरका टेकतो, कॅलिपर ब्रेक लागताना वाकतो आणि हवेचा थेंब नसतानाही पेडल लवचिक लागते. दुसरे, जुन्या डिस्कवर कडेला खोबण किंवा उंचवटा असेल, तर नवा पॅड फक्त त्या कडेवर टेकतो. पेडल काही दिवस मऊ लागते आणि पॅड बसला की सुधारते. तिसरी गोष्ट चाकाच्या बेअरिंगची. बेअरिंग सैल असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल, तर चालत्या गाडीत डिस्क पॅडला धक्के देऊन कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलते. याची खूण अशी की उभ्या गाडीत कितीही वेळाने दाबले तरी पेडल उत्तम लागते. खराब रस्त्यावरून किंवा एखाद्या लांब वळणावरून गेल्यानंतरचा पहिला ब्रेक मात्र खाली जातो. चाक वर-खाली धरून हलवावे आणि डिस्कची थरथर डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावी. कंपन्यांनी दिलेली मर्यादा बहुधा ०.१ मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, म्हणजे ती डोळ्यांना दिसण्यासारखी नसते. पुढच्या दोन्ही चाकांच्या एकेक पिस्टनला ०.१ मिमी जास्त सरकावे लागले तरी, कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास ५१ मिमी धरल्यास, वरच्याच हिशेबाने पेडल ५ मिमी खाली जाते.

पेडल खरोखरच लवचिक लागत असेल, तर हवा हे पहिले कारण समजावे. दोनदा एअर काढूनही ते तसेच राहिले, तर तिसऱ्यांदा तेच करण्याआधी हवा बाहेर का पडली नाही याचा विचार करावा. कॅलिपर खोलून परत बसवताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला, तर एअर काढण्याचा निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला येतो. हवा वर साठून राहते आणि निपलमधून कितीही स्वच्छ ऑइल आले तरी ती हलत नाही. निपल नेहमी वरच्या बाजूलाच हवा, आणि हे पाहायला क्षणभरही लागत नाही. दुसरे कारण घाईचे. पेडल भराभर पंप केले की मोठा बुडबुडा फुटून बारीक फेस होतो आणि तो नळीच्या भिंतीला चिकटून राहतो. पारदर्शक नळीचे टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवून, एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करावा, आणि निपल घट्ट झाल्याशिवाय पाय उचलू नये. टाकी मध्येच रिकामी झाली तर सारे काम पहिल्यापासून करावे लागते. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेतलाच पाळावा. ‘सर्वांत लांबचे चाक आधी’ हा जुना नियम कर्णरेषेत विभागलेल्या (पुढचे एक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे मागचे एक चाक अशी जोडी असलेल्या) ब्रेकना दर वेळी लागू पडत नाही.

एअर काढताना जुन्या गाडीचे पेडल जमिनीपर्यंत नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) सुरुवातीच्या भागातच फिरतो; पुढच्या भागात वर्षानुवर्षांची घाण आणि गंज साचलेला असतो. पेडल तळापर्यंत गेले की रबर कप त्या खरखरीत भागावर घासून चिरतात, आणि एअर काढण्यापूर्वी चांगला असलेला मास्टर सिलिंडर त्यानंतर गळू लागतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की हे सहज टळते. आपल्या गाडीची दोनदा एअर काढून झाली आहे, म्हणून पुढे दिलेली बुडत्या पेडलची चाचणीही आपण करून घ्यावी.

एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट असते. भारतात नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाले, म्हणजे सात वर्षांच्या गाडीत ते असण्याचा संभव मोठा आहे. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल किंवा एबीएसच्या युनिटच्या नळ्या सोडल्या असतील, तर हवा त्याच्या बंद वाटांत शिरते, आणि तिथून ती काढायला स्कॅनर जोडून आतले व्हॉल्व्ह व पंप चालवावे लागतात. टाकीतली पातळी कधीच खाली गेली नसेल, तर साध्या पद्धतीने काम भागते.

बुडणाऱ्या पेडलची चाचणी हलक्या पायाने करावी. जोराने दाबले तर ऑइलचा दाबच रबर कपाची कड बोअरला चिकटवतो आणि झिजलेला कपही वेळ मारून नेतो. सिग्नलला थांबल्यावर आपण जेवढा पाय ठेवतो तेवढाच जोर देऊन, इंजिन बंद ठेवून, मिनिटभर धरून पाहावे. पेडल खाली सरकत गेले, तर आधी बाहेरची गळती शोधावी: चारही चाकांच्या आतल्या बाजू, रबरी होज आणि गाडीखालच्या लोखंडी नळ्या. कोकणपट्टीत किंवा गोव्यात वापरलेल्या गाडीत या नळ्या क्लिपांच्या खाली, जिथे ओल धरून राहते तिथे, आधी गंजतात. वरून नुसती नजर टाकून चालत नाही, क्लिप उचलून पाहावी लागते. कुठेच ओल नाही आणि टाकीतले ऑइल मात्र कमी होते आहे, असे असेल तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकाकडे पाहावे. तिथून गळणारे ऑइल बाहेर न ठिबकता बूस्टरच्या पोटात जाते, आणि मास्टर जिथे बूस्टरला टेकतो त्याच्याखालचा बूस्टरचा रंग फुगलेला किंवा सोललेला दिसतो. ऑइल कमी होत नाही आणि तरीही पेडल बुडते, तर कप आतल्या आत ऑइल सोडत आहेत. मास्टर सिलिंडर बदलण्याचे खरे कारण हे.

त्यातही संशय राहिला, तर मास्टर सिलिंडर एकटाच तपासण्याची खात्रीची रीत आहे. त्याच्या नळ्या सोडून, त्याच आट्यांचे आणि त्याच बसणीचे प्लग लावून तोंडे बंद करावीत, आतली हवा काढावी आणि पेडल दाबावे. ते थोड्याच चालीत घट्ट थांबले आणि टिकले, तर मास्टर निर्दोष आहे. मग कोणी काहीही सांगितले तरी तो बदलू नये. यानंतर नळ्या जोडून, चाकांजवळच्या रबरी होज खास त्यासाठी मिळणाऱ्या गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने बंद कराव्यात आणि एकेक सोडत जावे; जो क्लॅम्प सोडल्यावर पेडल खाली जाते, त्या चाकावर दोष आहे. साध्या पकडीने होज चेपू नये, तारेची जाळी असलेली होज तर कधीच नाही, आणि भेगा पडलेली होज तपासण्याऐवजी सरळ बदलावी. एकाने पेडल दाबताना दुसऱ्याने होज मुठीत धरली, तर फुगणारी होज हाताला कळते.

घाटानंतर मऊ पडणाऱ्या पेडलचे कारण बहुधा ऑइलमध्येच असते. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ (डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे) ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबेनळी किंवा आंबोलीसारखा लांब उतार ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला, तर कॅलिपरमधले जुने ऑइल उकळून त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. अर्ध्या तासाने सारे निवले की पेडल परत येते आणि चालकाला वाटते की आपलाच भास झाला. तो भास नसतो. ऑइल त्याच आठवड्यात बदलावे आणि उतारावर गिअर खालचा ठेवावा. टाकीच्या झाकणातले रबर फुगून वेडेवाकडे झाले असेल आणि आपल्या जागी बसत नसेल, तर कोणीतरी इंजिन ऑइल किंवा तत्सम खनिज तेल ओतले असावे असा संशय घ्यावा. टाकीतले काही थेंब पेलाभर पाण्यात टाकावेत. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, खनिज तेल तरंगते. ते तरंगले, तर नळ्या धुऊन प्रत्येक रबरी भाग बदलण्याला पर्याय नाही.

आपण आता करावयाचे काम असे. आधी हँडब्रेकची चाचणी करावी, आणि निकाल लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. फट सापडली तर दोन्ही अ‍ॅडजस्टर व केबल वर दिलेल्या क्रमाने जुळवावी. मग टाकीवर ऑइलच्या पातळीशी खूण करून मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून २० पर्यंत, मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावून घ्यावेत, दर दोन ब्रेकमध्ये डिस्क निवायला थोडे अंतर द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पहिल्या दाबाला पेडल कुठे लागते ते पाहावे आणि आठवड्याने तेच पुन्हा पाहावे. ते आठवड्यात परत खाली गेले, तर अ‍ॅडजस्टर काम करत नाहीत किंवा त्यांच्या बाजू उलट बसल्या आहेत. आणि पेडल वर असूनही ऑइल खुणेच्या खाली उतरले असेल, तर गळती शोधायला हवी.